एका नावाच्या दोन वेली

भाद्रपदात आमच्या भागातल्या आठवडी बाजारात पोते अंथरून बसलेल्या बायांसमोर दोन वेगळे ढीग दिसतात. एकात पांढरट-हिरव्या, अंगावर बारीक काटे असलेल्या गावरान काकड्या असतात. दुसऱ्यात गोलसर, पट्ट्यापट्ट्यांची वाळके असतात, ज्यांना वऱ्हाडी बोलीत ‘वायकं’ म्हणतात. चैत्र-वैशाखात त्याच जागेवर तिसरेच फळ येते: हातभर लांब, वाकडी, पोपटी रंगाची, उभ्या रेघांची ककडी. शहराकडून येणारा गर्द हिरवा, गुळगुळीत खिरा तर आता बाराही महिने मिळतो. घेणारा या सगळ्यांना सरसकट काकडी म्हणतो आणि लावणाराही पुष्कळदा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. मग एकीचे फळ कडू का निघाले, दुसरीचे वेलावरच का तडकले, तिसरीचे जपून ठेवलेले बी पुढच्या वर्षी भलतेच फळ का देऊ लागले, हे कोडे सुटत नाही. ते सोडवायचे असेल तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे काकडी या एका नावाखाली आपण दोन निरनिराळ्या वनस्पती लावतो आणि खातो.

खरी काकडी, म्हणजे गावरान काकडी आणि खिरा, ही शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘कुकुमिस सटायव्हस’ होय. वाळूक, शेंदाड आणि उन्हाळ्यातली ती लांब ककडी ही मात्र ‘कुकुमिस मेलो’ या जातीची, म्हणजे खरबुजाची सख्खी भावंडे आहेत. काकडीच्या प्रत्येक पेशीत १४ गुणसूत्रे असतात, तर खरबुजाच्या पेशीत २४. हा फरक एवढा मोठा आहे की दोघी एकाच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकमेकींत गुंतून वाढल्या, एकाच मधमाशीने दोघींच्या फुलांना भेट दिली, तरी त्यांचा संकर होत नाही. लांब ककडी चवीला आणि कुरकुरीतपणाला काकडीसारखी लागते, ती केवळ आपण ते खरबूज कोवळे असताना तोडतो म्हणून. वेलावर राहू दिली तर ती पिवळी पडते, मऊ होते आणि तिला खरबुजाचा वास सुटतो.

काकडीचे मूळ घर आपल्याच देशात आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण आजही उगवते. तिची फळे लहान आणि इतकी कडू असतात की तोंडात धरवत नाहीत. त्या कडू फळांतून पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू फळांचे बी निवडत निवडत माणसाने आजची काकडी घडवली. हा इतिहास लक्षात ठेवावा, कारण कडूपणाच्या प्रश्नाकडे येताना त्याचा उपयोग होणार आहे.

येथे थोडे विषयांतर होईल, पण ते याच वेलीचे आहे. महामृत्युंजय मंत्रातील ‘उर्वारुकमिव बन्धनात्’ या शब्दांचा अर्थ सांगताना उर्वारुक म्हणजे काकडी, असे सर्रास सांगितले जाते: पिकलेली काकडी जशी देठापासून सहज सुटते, तशी मृत्यूच्या बंधनातून सुटका व्हावी. परंतु ज्याने काकडीचा वेल पाहिला आहे त्याला ठाऊक असते की आपली काकडी पिकून पिवळीजर्द झाली तरी देठ सोडत नाही, ती कापूनच घ्यावी लागते. देठापासून आपोआप सुटण्याचा गुण खरबुजाच्या कुळाचा आहे. पिकलेल्या फळाच्या देठाशी गोल चीर पडते आणि नुसता हात लावला तरी ते मोकळे होते. म्हणून ऋग्वेदातील त्या ऋषीच्या डोळ्यांसमोर काकडीपेक्षा वाळकासारखे एखादे फळ असावे, असे मला मनापासून वाटते.

वेल लहान असतानाही दोघी ओळखता येतात. काकडीचे पान कोनदार असते, टोके अणकुचीदार असतात आणि हात फिरवला तर ते खरखरीत लागते. वाळकाचे पान गोलसर असते. मादी फुलामागचे इवलेसे फळ पाहिले तर ओळख अधिकच पक्की होते: काकडीच्या त्या फळावर उभे काटे असतात, वाळकाच्या फळावर मऊ लव असते.

फुलांबद्दल दरवर्षी कास्तकार एकच तक्रार करतात: फुले खूप लागली, पण सगळी गळून गेली. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले येतात, आणि नर फुले आधी, झुबक्याने आणि कितीतरी अधिक संख्येने येतात. त्यांनी परागकण दिले की त्यांचे काम संपते आणि ती गळतात. ज्या फुलाच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढी काकडी दिसते तेच मादी फूल. दिवस मोठे आणि ऊन कडक असले की नर फुलांचे प्रमाण वाढते. दिवस लहान आणि हवा थंड असली की मादी फुले अधिक येतात. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात वेल फुलांनी भरूनही काकड्या कमी लागतात, त्यामागे हे मोठे कारण आहे.

मादी फूल सकाळी उमलते आणि साधारण त्या एका दिवसापुरतेच परागकण स्वीकारू शकते. तेवढ्या वेळात मधमाश्यांनी त्याला अनेकदा भेट द्यावी लागते, कारण आतली पुष्कळशी बीजे फळली तरच फळ सरळ आणि भरीव होते. भेटी अपुऱ्या पडल्या की काकडी एका टोकाला फुगते, दुसऱ्या टोकाला सुईसारखी निमुळती होते किंवा विळ्यासारखी वाकते. अशा काकड्या दिसू लागल्या की खताची मात्रा वाढवण्याआधी सकाळी आठ वाजता वाडीत शांत उभे राहून मधमाश्या येतात की नाही ते पाहावे. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, सकाळी केलेली फवारणी शेजारच्या काकडीचे पीक बुडवू शकते. फवारणी टाळता येत नसेल तर ती सूर्यास्ताच्या सुमारास करावी. शेडनेट किंवा पॉलिहाउसमधल्या बिनबियांच्या खिऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्या वाणांना केवळ मादी फुले येतात आणि परागीकरणाशिवायच फळ धरते.

आता कडूपणाकडे येऊ. काकडीच्या वेलीत कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये तयार होतात. पाने, देठ आणि मुळे यांत ती असतातच. किडी आणि जनावरांपासून वेलीने केलेला तो बचाव आहे. फळात मात्र ती नसावीत म्हणून माणसाने हजारो वर्षे निवड केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की हा कडूपणा तयार करण्याच्या कामात नऊ जनुके गुंतलेली आहेत आणि त्यांच्यावर दोन मुख्य जनुकांचा ताबा आहे: एक पानातला कडूपणा सुरू करते, दुसरे फळातला. आपण लावतो त्या काकड्यांमध्ये फळातले हे बटण जवळजवळ बंद झालेले आहे, पण अनेक वाणांत ते कायमचे निकामी झालेले नाही. वेलीवर ताण पडला, म्हणजे पाण्याचा खंड पडला, पारा एकाएकी चढला किंवा उतरला, की ते पुन्हा सुरू होते.

माझ्याच वाडीतला अनुभव सांगतो. एका वर्षी फेब्रुवारीत लावलेल्या वेलींचा मार्चअखेरचा पहिला तोडा उत्तम गोड निघाला. त्यानंतर विहिरीवरची मोटार जळाली आणि ती भरून आणायला नऊ दिवस गेले. पारा तोवर चाळिशीच्या वर पोचला होता. पाने दुपारी माना टाकत आणि संध्याकाळी कशीबशी उभी राहत. त्यानंतरच्या तोड्यातली प्रत्येक दुसरी-तिसरी काकडी देठाकडून कडू होती. ओलित पुन्हा नियमित झाल्यावर नव्या फुलांतून जी फळे धरली ती पूर्वीसारखीच गोड आली. वेल तेच, बी तेच, माती तीच होती. मध्ये फक्त पाणी तुटले होते.

कारल्याच्या शेजारी लावली म्हणून काकडी कडू झाली, ही समजूत गावोगाव आहे, पण तिला आधार नाही. काकडी आणि कारले यांचा संकर होतच नाही. शिवाय परागकण कोणाचेही आले तरी त्याचा परिणाम बियांच्या आतील गर्भावर होतो. फळाचा गर हा आईच्या, म्हणजे त्याच वेलीच्या, अंगाचा असतो. परक्या परागाने काही बिघडलेच, तर ते पुढच्या वर्षी त्या बीपासून उगवलेल्या वेलीत दिसते, या वर्षीच्या ताटात नव्हे.

देठाकडचा तुकडा कापून, मीठ लावून, तो कापल्या जागेवर गोल घासण्याची पद्धत आपल्या प्रत्येक घरात आहे. पांढरा फेस येतो आणि कडू निघून गेले असे मानले जाते. तो फेस म्हणजे मिठाने ओढून काढलेला रस घासण्याने घुसळला जाऊन झालेला असतो आणि त्याबरोबर कडूपणाचा अगदी थोडा अंश बाहेर येतो. खरा उपयोग होतो तो देठाकडचा भाग कापून टाकल्यामुळे, कारण कुकुर्बिटासिन बहुतांशी देठाच्या टोकाशी आणि सालीच्या लगेच खाली साठते. त्यामुळे शंका असेल तर देठाकडची दोन-तीन बोटे काढून टाकावीत, साल थोडी जाड काढावी आणि एक चकती चाखून पाहावी. आमच्या बाजारातली एक म्हातारी गिऱ्हाइकाला आधी चकती कापून देते आणि म्हणते, “खाऊन पाय व माय, कडू निंगाली त वापस आनजो.” हा रिवाज चांगला आहे आणि तो आरोग्याच्याही हिताचा आहे, कारण जी काकडी जहर कडू लागते ती मीठ-साखर लावून रेटून खाऊ नये; तिने उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. याच कारणाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कडू दुधीचा रस पिऊ नये असा इशारा दिलेला आहे.

शेंदाड आणि शेंदणीच्या बाबतीत कडूपणाचा प्रवास उलटा असतो. ही फळे कोवळी असताना कडू असू शकतात आणि पिकल्यावर कडूपणा ओसरून आंबटगोड होतात. शेंदाड पिकले की आपणहून तडकते आणि गर पिठूळ होतो. त्याच्या या दिसण्यावरूनच मराठीत नुसत्या दिखाऊ, भित्र्या माणसासाठी ‘शेंदाडशिपाई’ हा शब्द आला असावा. काकडी आपण कच्चीच खातो, शेंदाड पिकल्यावरच खातो आणि वाळूक दोन्ही प्रकारे खातो. तोडणीचा दिवस ठरवताना हा भेद सांभाळला की निम्म्या चुका टळतात.

लागवडीसाठी विदर्भात दोन हंगाम आहेत. पावसाळी पीक जून-जुलैत पेरतात. उन्हाळी पीक जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळी लागवडीत घाईही नको आणि दिरंगाईही नको. माती १५-१६ अंशांपेक्षा थंड असेल तर बी कुजते किंवा रडतखडत उगवते, आणि मार्च उजाडल्यावर पेरले तर वेल फुलावर येईपर्यंत उन्हाचा कहर सुरू झालेला असतो. पहिला तोडा साधारण चाळीस ते पन्नास दिवसांत मिळतो, हे धरून मागे मोजत यावे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ही उन्हाळ्यात मोठी सोय आहे; पावसाळ्यात मात्र तीच घात करते. काकडीची मुळे उथळ असतात आणि साचलेल्या पाण्यात त्यांचा जीव गुदमरतो, म्हणून खरिपात गादीवाफ्यावरच लागवड करावी आणि जमल्यास वेल तारेच्या किंवा बांबूच्या मांडवावर चढवावेत. जमिनीला टेकलेली काकडी खालून पिवळी राहते आणि पावसात सडते. मांडवावरची सरळ आणि एकसारख्या रंगाची येते. वैनगंगेसारख्या नद्यांच्या पात्रात, पाणी ओसरल्यावर रेतीत वाड्या करण्याची जुनी पद्धत याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे: तिथे वरची रेती तापते, पण हातभर खाली ओल असते आणि टरबूज, खरबूज, ककडी यांची मुळे ती शोधत जातात.

वाळकाला वेगळा मळा कधी लागलाच नाही. ज्वारी-कपाशीच्या पेरणीत मूठभर बी मिसळले जाई, डवरणी आणि निंदण करताना बाया ते वेल ओळखून सोडून देत, आणि पोळ्याच्या आगेमागे पऱ्हाटीच्या तासात पायाशी वाळूक लागत असे. आता तणनाशक फवारले की तणाबरोबर तो वेलही जातो, आणि निंदणाऱ्या बाईची ती पारखी नजर यंत्राजवळ नाही. वाळूक कमी झाले ते कोणाला नकोसे झाले म्हणून नव्हे, शेतात त्याला वाचवणारा हात राहिला नाही म्हणून. ज्यांच्याकडे अजून बी आहे त्यांनी फवाऱ्यापासून दूर, विहिरीजवळच्या धुऱ्यावर दहा आळी केली तरी घरापुरते फळ आणि पुढचे बी दोन्ही मिळते.

वाण निवडताना बाजार आणि हंगाम दोन्ही पाहावेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी पांढरट फळांची आहे. फुले शुभांगी हिरवी असून भुरी रोगाला बऱ्यापैकी तोंड देते. पूना खिरा हा जुना, आखूड फळांचा वाण पिकल्यावर तपकिरी होतो. दापोलीची शीतल भरपूर पावसाच्या प्रदेशासाठी आहे. आमच्या गावच्या बाजारात पांढरट काकडी लवकर उठते, नागपूरच्या हॉटेलांना गर्द हिरवा खिरा हवा असतो. म्हणून माल कुठे जाणार हे आधी ठरवून मगच बी घ्यावे. बाटलीत मिळणारी लोणच्याची बोटभर काकडी हीदेखील खऱ्या काकडीचीच, फार कोवळेपणी तोडलेली, निराळी वाणे आहेत. तिची करारशेती मुख्यतः कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात होते. २०२०-२१ मध्ये भारतातून काकडी आणि लोणच्याची काकडी मिळून दोन लाख टनांहून अधिक निर्यात झाली.

रोगांपैकी दोनच ओळखता आले तरी बरेच साधते. पावसाळ्यात पानावर शिरांच्या चौकटीत अडकलेले कोनदार पिवळे डाग दिसले तर तो केवडा. कोरड्या, थंड हवेत पीठ भुरभुरल्यासारखे दिसले तर ती भुरी. फळमाशीचे चिन्ह त्याहून बारीक असते: कोवळ्या काकडीवर टाचणी टोचल्यासारखे छिद्र आणि त्यावर डिंकाचा थेंब. ती काकडी पुढे वाकडी होते आणि आत अळ्या निघतात. अशी फळे बांधावर फेकून दिली तर पुढची पिढी आपणच पोसतो. ती खोल पुरावीत आणि नर माश्यांना ओढून घेणाऱ्या ‘क्यू ल्यूर’ या आमिषाचे सापळे लावावेत. तोडा दर दोन-तीन दिवसांनी झालाच पाहिजे, कारण वेलीवर एक काकडी जरी पिकत राहिली तरी वेल आपली सगळी शक्ती तिच्या बियांत घालते आणि नवी फुले धरेनाशी होतात.

खाण्याच्या बाबतीत माझा आग्रह कोचलेल्या काकडीचा आहे. सोललेली काकडी डाव्या हातात आडवी धरून, सुरीने तिच्यावर उभे-आडवे बारीक घाव घालत जायचे आणि मग वरचा थर पातळ कापून घ्यायचा. काकडी फिरवत पुन्हा तेच. किसणीने हे काम झटपट होते, पण किसणी गर चिरडते, जास्त पेशी फुटतात आणि कोशिंबीर पाण्यात पोहू लागते. कोचलेल्या काकडीचा दाणा दाताखाली राहतो. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, त्यामुळे मीठ पडले की ते बाहेर ओढले जातेच. म्हणून दाण्याचे कूट, हिरवी मिरची, लिंबू, वरून जिरे-हिंगाची फोडणी हे सगळे आधी करावे आणि मीठ पान वाढताना घालावे. थालीपीठ करायचे असेल तर उलट करावे: काकडी किसून आधी मीठ लावावे, सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवावे, वेगळे पाणी घेऊच नये. काकडीचा तो ओळखीचा ताजा वास अखंड फळाला येत नाही; सुरी लागून पेशी फुटल्यावर काही क्षणांत तो तयार होतो आणि थोड्या वेळाने विरतो, म्हणून चिरून ठेवलेली काकडी फिकी लागते. शेतात ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि वेलावरून नुकतीच तोडलेली काकडी यांची चव घरी येत नाही, त्याचे एक कारण हेच आहे.

ऋषिपंचमीच्या भाजीत काकडी पडते, ती बैलाच्या श्रमाशिवाय परसात पिकणारी म्हणून. वाळकाच्या भाजीला मात्र सणाची वाट पाहावी लागत नाही. कोवळ्या वाळकाच्या फोडी तिखट-मीठ लावून परततात, आणि जास्तीची वाळके चकत्या करून उन्हात वाळवून काचऱ्या ठेवतात, ज्या उन्हाळ्यात भाजीला किंवा तळून तोंडी लावायला येतात. मिठाईवर पेरले जाणारे चार मगज म्हणजे टरबूज, खरबूज, काकडी आणि भोपळा यांच्या बियांचा गर, हेही यातलेच.

बी धरायचे असेल तर ते संकरित वाणाचे धरू नये, पुढच्या पिढीत गुण फुटतात. सुधारित किंवा गावरान वाणाचे धरता येते; २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी जपण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क दिलेला आहे. काकडी आणि वाळूक शेजारी असले तरी चालते, पण दोन निरनिराळ्या काकड्या किंवा वाळूक आणि खरबूज शेजारी असतील तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. शुद्ध बियाणासाठी किमान अर्धा किलोमीटर अंतर लागते. एवढी जमीन कोणाकडे असते? म्हणून सोपा मार्ग असा: दुसऱ्या दिवशी उमलणारी एक नर आणि एक मादी कळी संध्याकाळी दोऱ्याने हलकेच बांधावी, सकाळी नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाला लावावेत, ते पुन्हा बांधावे आणि त्या देठाला रंगीत चिंधी बांधून ठेवावी.

चिंधी बांधलेली ती काकडी महिनाभर तरी वेलीवरच राहू द्यावी. ती पिवळी किंवा तपकिरी, टणक आणि जड झाली की कापावी, बिया गरासकट मातीच्या भांड्यात एक-दोन दिवस आंबवाव्यात, म्हणजे बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. मग पाण्यात चोळून धुवाव्यात. तळाला बसतील त्या ठेवाव्यात, तरंगतील त्या टाकाव्यात, आणि सावलीत खडखडीत वाळवाव्यात. माझी आजी शेणाच्या गोळ्यात बिया दाबून तो भिंतीला थापत असे आणि मृगाच्या तोंडावर फोडत असे. आज घट्ट झाकणाच्या बाटलीत थोड्या राखेबरोबर ठेवले तरी बी चार-पाच वर्षे उगवते. बिया काढल्यावर उरलेला तो जाड, आंबटसर गर टाकू नये. फोडी करून तुरीच्या वरणात शिजवला तर चिंचेचे बोट लावावे लागत नाही.